जागं शीड

कर्ली खाडी देवबागपाशी समुद्राला मिळते. तिथे सकाळचा मतलई वारा पडला की मध्ये काही वेळ सगळं थिजल्यासारखं होतं आणि मग वायव्येकडून पाण्यावर बारीक खवले उमटायला लागतात. माझा आजो तेव्हा परबाण, म्हणजे शिडाची काठी, वर चढवायचा. होडी लहान, एका बाजूला तोल सांभाळणारी उलांडी, शीड मांजरपाटाचं, तिरकं, चार ठिकाणी ठिगळ लावलेलं. दोराचं टोक तो माझ्या हातात द्यायचा. मी नऊ-दहा वर्षांची असेन. होडी जोरात पळावी म्हणून मी अंगातली सगळी ताकद लावून दोर आत ओढून धरायची. शीड ताठ व्हायचं, चित्रातल्यासारखं दिसायचं, आणि होडी मंदावायची.

"शिडाक झोपाक देव नको गे, चेडवा," आजो म्हणायचा.

मग तो दोर सैल सोडायला लावायचा. परबाणाजवळची कड थरथरायला लागली की वीतभर आत. थरथर थांबते तिथेच आपणही थांबायचं. थोड्या वेळाने पुन्हा सोडून बघायचं, पुन्हा वीतभर ओढायचं. एवढंच. पाण्यावर काळसर पट्टा सरकत येताना दिसला की तो आपल्यापर्यंत पोचायच्या आत आजो माझ्या हातावर हात ठेवून दोर किंचित ढिला करायचा. वारा अगदीच मंद असला तर करवंटीने समुद्राचं पाणी घेऊन शिडावर शिंपडायचा. हा दर्याला दाखवायचा काही मान असावा, अशी माझी समजूत होती.

शीड म्हणजे वाऱ्याचा धक्का झेलणारा पडदा, हे मात्र मी मनात पक्कं धरलं होतं. वारा मागून येतो, कापडाला ढकलतो, होडी पुढे जाते. पण आमची होडी तर जिकडून वारा यायचा तिकडेच तिरकी तिरकी चढत जायची. ते कसं, हा प्रश्न मला तेव्हा पडला नाही. रोज दिसणाऱ्या गोष्टीबद्दल लहानपणी कुठे प्रश्न पडतो!

तो पडला इंजिनिअरिंगला असताना, तोही विमानाच्या पंखामुळे. पंख वरून फुगीर, त्यामुळे वरची वाट लांब. पंखाच्या मागच्या कडेशी खालच्या हवेला वेळेत भेटायचं म्हणून वरच्या हवेला घाई करावी लागते, वेग वाढला की दाब कमी, म्हणून पंख उचलला जातो. असं वर्गात शिकवलं गेलं आणि मी वहीत उतरवलं. त्या रात्री वसतिगृहाच्या खाटेवर पडल्या पडल्या मला आजोचं शीड आठवलं. शीड म्हणजे एक पदर कापड. त्याची ही बाजू जेवढी, तेवढीच ती बाजू. मग कुठली हवा कुणासाठी घाई करते? मी हा प्रश्न कुणाला विचारला नाही. परीक्षेत वहीतलंच उत्तर लिहिलं, पूर्ण गुणही मिळाले. त्याची रुखरुख अजून आहे.

हवेच्या दोन भागांनी मागच्या कडेशी एकदम भेटलंच पाहिजे असा काही नियमच नाही, हे फार उशिरा वाचनात आलं. वाऱ्याआडच्या बाजूने जाणारी हवा तर आधीच पुढे निघून गेलेली असते. जर्मन गणिती कुट्टा यांनी १९०२ मध्ये आणि रशियातल्या झुकोव्स्की यांनी १९०६ मध्ये जे मांडलं, त्यात पंखाभोवती एक अभिसरण असतं, मूळ वाहत्या हवेत मिसळलेलं. ते एका बाजूला वेग वाढवतं, दुसऱ्या बाजूला घटवतं. विमानांच्या वायुगतिकीचा अभ्यासक असलेला आणि स्वतः शिडाची बोट हाकणारा अमेरिकन अभियंता आर्व्हेल जेन्ट्री याने १९७३ साली 'सेल' मासिकातल्या लेखमालेत हेच शिडांना लावून दाखवलं. पुढचं आणि मागचं शीड यांच्यामधल्या फटीतून हवा चेपून जोरात निघते, ही दर्यावर्दींची लाडकी समजूत त्याने खोडून काढली. त्या फटीत हवा बहुतांशी मंदावते आणि तिचा मोठा वाटा पुढच्या शिडाच्या बाहेरून वळसा घेतो, हे त्याने दाखवलं.

अभिसरण हा शब्द मला पुस्तकात पटला नाही. तो पटला स्वयंपाकघरात. मोठी परात पाण्याने भरली, वर मिरपूड भुरभुरली, पत्र्याची एक पट्टी किंचित वाकवून पाण्यात उभी धरली आणि तिरकी ठेवून सरळ ओढली. पट्टी निघाली तिथे मागच्या कडेपाशी मिरपुडीचा एक छोटा भोवरा सुटा झाला आणि गरगरत तिथेच राहिला. पट्टी थांबवली, तर दुसरा भोवरा सुटला, उलट दिशेने फिरणारा. म्हणजे मधल्या वेळात ते फिरणं पट्टीच्या अंगाभोवती होतं, डोळ्याला दिसत नव्हतं इतकंच. त्या संध्याकाळी मी ही पट्टी पन्नासदा तरी ओढली असेल.

आणि पट्टी फार तिरकी धरली की पाठीमागे नुसता गढूळ गोंधळ. शिडावर हवेचंही तसंच: तिला एवढं वळण घेता येत नाही, ती कापडाला सोडून सुटते. ओढ संपते, उरतो तो बाजूला लोटणारा धक्का. मी दोर ताणून धरायची तेव्हा हेच व्हायचं. झोपलेलं शीड म्हणतात ते हे.

उरलेला अर्धा उलगडा पाण्याखाली आहे. शिडाची ओढ बरीचशी आडवी असते. होडी आडवी सरकत का नाही? कारण बुडाखालची फळी किंवा कणा पाण्यात पंखासारखाच काम करतो, आणि पाणी हवेच्या आठशेपट दाट. एकीकडून वारा, दुसरीकडून पाणी, दोघांच्या चिमटीतून होडी पुढे निसटते, ओली आठळी बोटांतून निसटावी तशी.

पुढे नोकरीसाठी पुण्यात आल्यावर खडकवासल्याच्या पाण्यावर मी दोन माणसांची डिंगी हाकायला शिकले. गणित तेव्हा तोंडपाठ होतं. १२ नॉटचा वारा बोटीच्या नाकापासून ४५ अंशांवरून येत असेल आणि बोट ५ नॉटने चालली असेल, तर शिडाला तोच वारा जवळपास १६ नॉटचा आणि ३२ अंशांवरून आल्यासारखा लागतो. बोट स्वतःच्या चालीने स्वतःचा वारा वाढवते. उलट तोच वारा पाठीवर घेतला तर शिडाला उरतात फक्त ७ नॉट. दाब वेगाच्या वर्गाने बदलतो, म्हणजे दोन्हींत पाचपटीचा फरक. वारा पाठीवर असला की आमच्या होडीत घाम का वाळायचा नाही, ते या आकड्यांनी सांगितलं. वाऱ्याचा झोत आला की शिडाला लागणारा वारा थोडा मागे सरकतो, म्हणून दोर ढिला करायचा, हेही.

तरी पहिल्याच दिवशी, डोंगराआडून झोत येताना, मी नऊ वर्षांच्या पोरीसारखा दोर गच्च आवळला. पुढच्या शिडाच्या दोन्ही अंगांना लोकरीचे वीतभर धागे चिकटवलेले असतात. वाऱ्याकडचा लाल धागा सरळ मागे वाहत होता. कापडातून धूसर दिसणारा पलीकडचा हिरवा मात्र वेड्यासारखा फिरत, लोंबत होता. मी दोर सोडला. वीतभर. हिरवा धागा उचलला गेला, दोनदा लचकला आणि लालच्या जोडीला आडवा झाला. बोटीखालचं पाणी बोलायला लागलं. आजो जाऊन तेव्हा अकरा वर्षं झाली होती.

करवंटीच्या पाण्याचं कोडं सगळ्यात शेवटी सुटलं. सुती कापडाच्या विणीतून हवा जास्त दाबाकडून कमी दाबाकडे झिरपते आणि ओढ तेवढी घटते. सूत भिजलं की फुगतं, छिद्रं बुजतात. मंद वाऱ्यात तेवढंही पुष्कळ.

गेल्या हिवाळ्यात एका दुपारी धरणावर वारा जवळजवळ पडला होता. धागे निपचित. आमचं शीड पॉलिएस्टरचं, त्यातून हवा झिरपत नाही, हे मला नीट ठाऊक आहे. तरी मी वाकून ओंजळभर पाणी घेतलं आणि शिडावर उडवलं. थेंब कापडावर क्षणभर थांबले, मग घरंगळत खाली माझ्या मनगटावर आले.