न दिसणारी झाडलोट

आपल्या वस्त्यांतून आज बरीच मुले-मुली संगणकाच्या नोकरीत शिरली आहेत. आम्ही बहीण-भाऊ त्यांपैकीच. नवा प्रोग्रॅम लिहिणाऱ्याचे कौतुक घरीदारी होते. पण त्यामागे झाडलोटीचेही एक काम असते. त्याविषयी चार शब्द वाचक बंधू-भगिनींपुढे मांडावेसे वाटतात.

एक सॉफ्टवेअर अनेकजण मिळून लिहितात. कुणी त्यात भर घातली की एक यंत्र आपोआप सर्व भाग कोऱ्या जागेत गोळा करते, जोडते आणि चाचण्या घेते. सारे ठीक असेल तर हिरवी खूण, नाहीतर लाल. याला बिल्ड म्हणतात. हे यंत्र ज्या पायावर उभे असते, त्या पायाला मात्र वय असते. उबुंटू या प्रणालीच्या दीर्घ मुदतीच्या आवृत्तीला ५ वर्षे नेहमीची दुरुस्ती मिळते. तिची २०२० सालची आवृत्ती गिटहबने एप्रिल २०२५ मध्ये आपल्या बिल्ड-यंत्रांतून काढून टाकली. पायथन ३.८ ची मुदत ऑक्टोबर २०२४ मध्ये संपली. अशा वेळी आपल्या प्रोग्रॅममधले एक अक्षरही बदललेले नसते, तरी काम बंद पडते. बंद न पडले तरी जुन्या आवृत्तीतली भोके बुजवायला कुणी येत नाही. चोराला तेवढेच पुरे!

सर्व संस्कार अनित्य आहेत, म्हणून अप्रमादी राहा, हा तथागतांचा अखेरचा उपदेश आम्हाला इथेही उपयोगी पडतो. महिन्याचा एक दिवस ठरवावा. कोणत्या आवृत्तीची मुदत कधी संपते ते लिहून ठेवावे. एका वेळी एकच बदल करावा. नवी आवृत्ती काही दिवस जुनीच्या शेजारी चालवून पाहावी आणि मगच जुनीला निरोप द्यावा. थोडे थोडे केले की डोंगर साचत नाही.

खरा प्रश्न पुढेच आहे. आमच्या कार्यालयात नवे काही करणाऱ्याला टाळ्या मिळत, यंत्र नीट ठेवणाऱ्याचे नावही निघत नसे. शिवाय हे काम ज्याच्या गळ्यात एकदा पडले, त्याच्याच गळ्यात कायमचे! ही रीत आम्हाला फार ओळखीची वाटली. कामाच्या वाटणीच्या नावाखाली माणसांचीच वाटणी कशी होते, हे बाबासाहेबांनी १९३६ सालीच दाखवून दिले आहे. आम्ही बैठकीत उभे राहिलो आणि पाळी लावण्याची मागणी केली. विहाराची झाडलोट आपण पाळीने करतोच ना? कुरकुर झाली, पण पाळी लागली. आता साहेबांचेही नाव त्या यादीत आहे.

तुमची लेक संध्याकाळी घरी येऊन म्हणाली, 'आज नवे काही नाही केले, जुनेच सांभाळले,' तर तिला शाबासकी द्या. तिने सांभाळले म्हणून इतरांचे काम चालले.

जयभीम!