उघड्या पानांची आवराआवर

‘टॅब’ हा शब्द आतां आपल्यापैकीं बहुतेकांच्या तोंडीं असतो; परंतु तो मूळचा कागदाच्या जगांतला आहे, हें सहसा ध्यानांत येत नाहीं. खातेवहीच्या कडेला जिभेसारखा लहानसा तुकडा बाहेर काढलेला असतो, व त्यावर बोट ठेवितांच हवें तें पान उघडतें, तो टॅब. संगणकावर वाचावयाच्या पानांना ही सोय पुढें मिळाली, आणि २००४ सालीं निघालेल्या फायरफॉक्समुळें ती पुष्कळांच्या परिचयाची झाली. २००८ सालीं आलेल्या क्रोमनें तर पानापानाला निराळी चूल मांडून दिली. एका पानाचें बिघडलें तरी शेजारचें चालूं रहावें, हा त्यांतील हेतु. मात्र चुली वाढल्या कीं सरपणहि वाढतें. तसें प्रत्येक उघडें पान यंत्राच्या स्मृतींतील जागा खात असतें.

आमचें घर जानेफळास आहे. घरांत मोबाईल एकच, व तो हाताळणारीं माणसें चार. दिवाळीच्या सुटींत मी वसतिगृहांतून घरीं गेलों, तों त्या मोबाईलवर टॅबांचा आंकडा दिसावयाच्या जागीं एक हसरी खूण दिसूं लागली होती. टॅब शंभर झाले कीं क्रोम मोजदाद सोडून देतो व ही खूण दाखवितो. तो हंसत होता. आमच्या बहिणीला मात्र रडूं कोसळलें होतें. शिष्यवृत्तीचा अर्ज तिनें निम्मा भरला, मध्येंच वडिलांनीं दुसरें पान उघडलें, व परत जाऊन पाहते तों अर्ज कोरा! याचें कारण असें, कीं स्मृति अपुरी पडूं लागली म्हणजे यंत्र मागच्या पानांना गुपचूप निरोप देतें, त्यांचा पत्ता तेवढा जपून ठेवितें, आणि आपण परत गेलों कीं पान नव्यानें मागवितें. पानावर मूळचें असलेलें परत येतें. आपण भरलेलें परत येईलच असें नाहीं. अर्जाची मुदत चार दिवसांवर आलेली. ‘दादा, एकूण एक बंद करून टाक,’ असें तिनें फर्माविलें. तशी सोय यंत्रांत असतेहि. इतक्यांत वडील म्हणाले, ‘थांब. त्यांत माझीं पानें आहेत.’

वडिलांचीं पानें म्हणजे सात-बाराचा उतारा, पीकविम्याचे नियम, हरभऱ्यावरील घाटे अळी, आणि सोयाबीनचा भाव. भावाचें एकच पान अकरा वेळां उघडलेलें होतें. ‘कालचा भाव मिटला, तर आजचा ताडून कशाशीं पाहूं?’ असें त्यांचें म्हणणें. आणि तें कांहीं गैर नव्हे. परंतु तें पान उघडावें तेव्हां नव्यानें येत असल्यामुळें अकराहि ठिकाणीं आजचाच भाव दिसत होता! हें पाहतांच ते मोठ्यानें हंसले, आणि त्या दिवसापासून भिंतीवरच्या दिनदर्शिकेच्या चौकोनांत रोजचा भाव शिसपेनीनें लिहूं लागले. ही तोड मला क्रोमच्या सर्व सोयींहून सरस वाटते.

पान मिटलें कीं तें कायमचें हरपेल, या भयानें माणसें टॅब उघडे ठेवितात, असें अमेरिकेंतील कार्नेगी मेलन विद्यापीठाच्या संशोधकांना २०२१ सालीं आढळलें. आमच्या घरापुरतें तरी तें खरें होतें.

मला त्या वेळीं पुण्याच्या पेशवे दफ्तराची आठवण झाली. तेथील मोडी कागद कापडी रुमालांत बांधलेले. आणि रुमाल हजारों. त्या अफाट राशींतून रियासतकार गोविंद सखाराम सरदेसाई यांनीं निवडलेले कागद १९३० ते १९३४ या काळांत ४५ भागांत प्रसिद्ध झाले. उरलेले कागद मेजावर पसरून ठेविले नाहींत, कीं फेंकूनहि दिले नाहींत. ते रुमालांतच राहिले. क्रोममध्यें टॅबांचे गट करून त्यांना नांवें देतां येतात. तेव्हां आम्हीहि माणशीं एक रुमाल बांधावयाचें ठरविलें. जें पान पुढें केव्हां तरी लागेल, त्याची वाचनखूण ठेवावयाची व तें मिटावयाचें. अर्ज मात्र भरून पाठवीपर्यंत दुसऱ्या कोणीं मोबाईलला हात लावावयाचा नाहीं! तो त्याच रात्रीं पुरा झाला.

आई म्हणाली, ‘माझें त्यांत कांहीं नाहीं.’

वांटणी होतां होतां सहा पानें बिनवारशी उरलीं. दिव्याभोवतीं वर्तुळें कां दिसतात. मोतीबिंदु पिकल्यावांचून काढतात काय. शस्त्रक्रियेनंतर किती दिवस चुलीपुढें बसूं नये. खर्च किती येतो. प्रश्न तोंडानें बोलून विचारलेले होते. तीं पानें वडिलांच्या पेरणीविषयींच्या पानांमध्यें अडकलेलीं होतीं. म्हणजे प्रश्न पावसाळ्याच्या तोंडचे होते. बहिणीनें एक एक मथळा मोठ्यानें वाचला. कोणी कांहीं बोललें नाहीं. मग आईच म्हणाली, ‘हरभरा निघाला म्हणजे पाहूं, असें मनांत होतें.’ वडिलांनीं मोबाईल हातीं घेतला, तीं सहाहि पानें अथपासून इतिपर्यंत वाचलीं, आणि तिसऱ्या दिवशीं ते तिला घेऊन मेहकरास गेले.

डोळ्यांतील भिंग गढूळ होणें म्हणजे मोतीबिंदु. तें भिंग काढून त्या जागीं कृत्रिम भिंग बसवितात. हल्लीं तो पिकण्याची वाट पाहत बसावें लागत नाहीं, ही गोष्ट आईला त्या पानांवरूनच आधीं कळलेली होती; डॉक्टरांनीं तेंच सांगितलें. उजव्या डोळ्याची शस्त्रक्रिया पौषांत झाली. डाव्याची व्हावयाची आहे.

आईच्या नांवाचा गट आतां निराळा आहे. परवां मी पाहिलें तेव्हां त्यांत तीन टॅब होते. एक डोळ्यांत घालावयाच्या थेंबांविषयींचा, आणि दोन लोणारच्या सरोवराचे. लोणार आमच्याच जिल्ह्यांतलें. २०२० च्या जूनमध्यें तेथील पाणी गुलाबी झालें होतें, असें तिनें वाचलें आहे. दुसरा डोळा झाला कीं तिला तिकडे जावयाचें आहे, आणि तोंपर्यंत ते दोन टॅब कोणीं मिटूं नयेत, अशी तिनें सर्वांस ताकीद दिली आहे.