उजवा लिव्हर, डावं वळण

"वीकेंडला काय केलंस?" या सोमवारच्या प्रश्नाची इथे सिएटलमध्ये ठरलेली उत्तरं आहेत. हाइक, कॉस्को, नाहीतर कोणाच्या तरी पिल्लाचा बर्थडे. मी गेले दोन महिने "ट्रॅक्टर" म्हणतोय. लोकांना जोक वाटतो.

तर झालं असं, की ऑफिसातल्या एका मित्राच्या वडलांची याकिमाला सफरचंदाची बाग आहे. घाट ओलांडून अडीच तास. तिथल्या शेडमध्ये एक जॉन डिअर एमसी उभा होता. १९४९ ते १९५२ मधलं मॉडेल. चाकं नाहीत, पोकलेनसारख्या चेन. फांद्यांखालून जाता यावं म्हणून बुटका, दोन सिलिंडर, जेमतेम २० हॉर्सपॉवर. म्हणजे आपल्या पल्सरच्या आसपास! पण उतारावरच्या बागेत चाकाचा ट्रॅक्टर घसरतो, कलंडतो. हा जमिनीला चिकटून चालतो. याकिमाचा आणि याचा संबंध जुना आहे. इथल्याच लिंडमन बंधूंनी डिअरच्या चाकाच्या ट्रॅक्टरांना चेन बसवून बागाईतदारांना विकले, आणि चाळीसच्या दशकात डिअरने त्यांची कंपनीच घेतली. एमसी हा त्यानंतरचा अवतार.

आजोबांना (मी मनातल्या मनात आजोबाच म्हणतो) गुडघ्यांमुळे आता वर चढता येत नाही. म्हणून विकायचा. पण चालू करून विकायचा. "बंद मशीन भंगारवाला नेतो, चालू मशीन शेतकरी नेतो," एवढंच ते म्हणाले.

आता प्रॉब्लेम. इंजिन झकास सुरू व्हायचं, फट-फट... फट करत वीस मिनिटं चालायचं आणि मरायचं. दहा मिनिटं थांबा, पुन्हा सुरू. तुम्ही सांगा, काय वाटतं? गरम झालं की मरतंय, म्हणजे इग्निशन कॉइल. मीही हेच म्हणालो. नवी कॉइल आणली, कंडेन्सर बदलला, कार्ब्युरेटर उघडून साफ केला. वीस मिनिटं, फट, शांतता. ना लॉग, ना एरर मेसेज. रीस्टार्ट केलं की चालतंय म्हणून खूश व्हायची सवय इथे काही कामाची नव्हती.

तिसऱ्या शनिवारी तो मेल्यामेल्या आजोबा काठी टेकत आले आणि म्हणाले, "टाकीचं झाकण सैल कर." केलं. फुस्स! आत हवा ओढली गेली आणि पहिल्याच झटक्यात इंजिन सुरू. याला पेट्रोलचा पंप नाही, टाकीतून ते आपसूक खाली उतरतं. उतरलेल्या पेट्रोलची जागा घ्यायला झाकणाला एक बारीक भोक असतं, ते बुजलं होतं. कशाने? हिरव्या रंगाने. आणि रंग कोणी मारला होता? अस्मादिकांनी, पहिल्याच वीकेंडला, "जरा छान दिसेल" म्हणून. :)

असो. हा विनोदी भाग झाला.

इंजिन लागल्यावर मी हवेत होतो. याला स्टिअरिंग व्हील नसतं, दोन लिव्हर असतात. उजवा ओढला की उजव्या चेनचा क्लच सुटतो, ती मागे पडते, ट्रॅक्टर उजवीकडे वळतो. सपाटीवर तासभर मस्त चालवला. मग बागेच्या वरच्या टोकाला नेला आणि उतरायला लागलो. खाली डाव्या हाताला आजोबा उभे होते. त्यांना टाळून जावं म्हणून मी उजवा लिव्हर ओढला. ट्रॅक्टर डावीकडे वळला. मी आणखी जोरात ओढला. तो आणखी डावीकडे, सरळ त्यांच्या दिशेने. घाबरून मी दोन्ही हात सोडले.

तेवढंच बरोबर केलं. क्लच परत लागला, मशीन सरळ झालं, मी थ्रॉटल कमी केला. आजोबा जागचे हललेही नव्हते. कदाचित हलताच आलं नसतं. माझे पाय मात्र खाली उतरल्यावरही लटपटत होते.

मला वाटलं लिव्हर उलटे जोडले गेलेत. तसं नव्हतं. चढावर इंजिन मशीनला ओढतं. उतारावर मशीनच इंजिनला ढकलतं आणि इंजिन त्याला धरून ठेवतं. अशा वेळी उजवा क्लच सोडला, की उजवी चेन मोकळी सुटते आणि जोरात पळते. मग वळण डावीकडे. उतारावर नुसता क्लच सोडायचा नाही, त्या बाजूचा ब्रेकही हवा. आजोबा हे सगळं अगदी शांतपणे सांगत होते. शेवटी म्हणाले, "चूक माझी. आधी सांगायला हवं होतं. पन्नास वर्षांत ते सांगायची गोष्ट आहे हेच विसरलो."

मी काही बोललो नाही. रात्री घाटातून परत येताना प्रत्येक उताराला ते आठवत होतं.

गेल्या रविवारी गिऱ्हाईक आलं. पलीकडच्या गावातला तरुण बागाईतदार, सोबत ट्रेलर. त्याने इंजिन ऐकलं, चेन बघितल्या, रंगाचं कौतुक केलं (मी गप्प) आणि किंमत विचारली. आजोबांनी उत्तर दिलं नाही. काठीने बागेचं वरचं टोक दाखवलं आणि म्हणाले, "आधी तिथून खाली घेऊन ये. मी सांगतो तसं."

आणि या वेळी ते शेडच्या दारात, बाजूला उभे राहिले.