आपलेही एक प्रगतीपत्रक असते! (सिबिल अहवाल समजून घेताना)



१ मे ला आपण मुलांच्या हाती प्रगतीपत्रक देतो. पण आपल्या मोठ्या माणसांचेही एक प्रगतीपत्रक तयार होत असते, हे किती जणांना माहीत आहे? ते महिनोन्‌महिने भरले जाते, बँका ते वाचतात आणि ज्याचे आहे त्याने मात्र बहुतेक वेळा पाहिलेलेच नसते. त्याचे नाव क्रेडिट रिपोर्ट, म्हणजेच आपल्या कर्जव्यवहाराचा अहवाल. आपल्याकडे सगळे त्याला 'सिबिल' म्हणतात. आमच्या आष्टीकडे तर 'शिबिल'!

सिबिल म्हणजे नेमके काय?

सिबिल ही २००० साली मुंबईत सुरू झालेली कंपनी. ती कर्ज देत नाही आणि नाकारतही नाही. बँका आपल्या कर्जाची माहिती तिला पाठवतात आणि ती फक्त नोंद ठेवते. अशा एकूण चार कंपन्या आहेत : ट्रान्सयुनियन सिबिल, एक्सपेरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हाय मार्क. २००५ च्या कायद्यानुसार त्या चालतात आणि त्यांच्यावर रिझर्व्ह बँकेची देखरेख असते.

आपण वर्गात आकारिक आणि संकलित मूल्यमापन करतो ना, तसेच इथे आहे. दर महिन्याचा हप्ता वेळेवर भरला की नाही, ही झाली आकारिक नोंद. आणि ३०० ते ९०० मधला जो आकडा येतो तो स्कोअर म्हणजे संकलित गुण. ७५० च्या वर असेल तर साधारणपणे चांगला समजतात, पण प्रत्येक बँकेचा निकष वेगळा असतो. तुमच्या खात्यात किती शिल्लक आहे, मुदत ठेव किती आहे, शेती किती एकर आहे, याचे गुण इथे मिळत नाहीत. घेतलेले परत कसे केले, एवढेच पाहिले जाते.

माझा अनुभव

२०२४ च्या दिवाळीनंतर आम्ही घराचे बांधकाम काढले. पावसाळ्याआधी स्लॅब पडायला हवा होता. गृहकर्जाची फाइल दिली आणि ती परत आली. कारण काय, तर स्कोअर कमी. मला काही कळेना. पगारातून हप्ते वेळेवर जातात, उसनवारी नाही, मग कमी कशाने?

अहवाल काढून ओळ न्‌ ओळ वाचला. २०२० मध्येच फेडलेले स्कूटीचे कर्ज तिथे अजून 'चालू' दाखवले होते आणि समोर १,१८० रुपये थकबाकी! माझ्याकडे कर्ज संपल्याचे नाहरकत प्रमाणपत्र फाइलला लावून ठेवलेले होते. ते जोडून ऑनलाइन तक्रार टाकली. एक रुपयाही लागला नाही. १९ व्या दिवशी नोंद दुरुस्त झाली. पुढे स्कोअर वाढला, कर्ज मंजूर झाले आणि स्लॅब मे महिन्यात पडला. १,१८० रुपयांच्या चुकीच्या नोंदीने आमचे घर अडवून ठेवले होते, हे आजही आठवले की नवल वाटते.

प्रत्येक वेळी नोंद चुकीचीच असते असे नाही

आमच्या वर्गातल्या एका मुलीचे वडील मला म्हणाले, "मॅडम, बँकवाले म्हणते का तुमचं शिबिल खराब आहे. मी तं एकही हप्ता चुकवला नाही. मंग हे खराब झालं काऊन?" त्यांना दोन म्हशी घ्यायच्या होत्या. अहवाल पाहिला तर त्यांचे स्वतःचे काही थकलेले नव्हते. पण साळ्याच्या ट्रॅक्टरच्या कर्जाला ते जामीनदार होते आणि ते हप्ते थकले होते. इथे तक्रार करून उपयोग नव्हता, कारण नोंद खरी होती. साळ्याने हप्ते भरले तरी स्कोअर लगेच वर येत नाही, त्याला महिने लागतात. म्हशी त्या वर्षी आल्या नाहीत. सही करताना आपण 'नातं' पाहतो, अहवाल मात्र फक्त हप्ता पाहतो.

शेतकऱ्यांच्या पीककर्जासाठी सिबिलची अट लावू नका, असे मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांनी मे २०२५ मध्ये बँकांच्या राज्यस्तरीय बैठकीत सांगितले. पण म्हशी, ट्रॅक्टर, घर, मुलांचे शिक्षण यांच्या कर्जाला अहवाल पाहिला जातोच. ज्यांचे कर्ज माफ झाले त्यांनीही आपल्या खात्यापुढे काय लिहिले आहे ते एकदा पाहावे.

अहवाल कसा पाहावा?

१) चारही कंपन्यांच्या संकेतस्थळावर वर्षातून एकदा पूर्ण अहवाल मोफत मिळतो. पॅन क्रमांक आणि मोबाइलवर येणारा ओटीपी लागतो. पैसे मागणारी योजना समोर आली तर ती सोडून मोफत अहवालाचा पर्याय शोधा.

२) नाव, जन्मतारीख, पॅन, पत्ता तपासा. न घेतलेले कर्ज आपल्या नावावर दिसते का, ते बघा.

३) महिन्याच्या रकान्यात '०००' असेल तर हप्ता वेळेवर. '०३०' असेल तर ३० दिवस उशीर. पगार उशिरा झाला, हे कारण तिथे कुठेच लिहिलेले नसते! म्हणून एका हप्त्याएवढी रक्कम खात्यात कायम राहू द्या.

४) 'सेटल्ड' आणि 'क्लोज्ड' यात फरक आहे. तडजोड करून कमी रक्कम भरली तर 'सेटल्ड' येते आणि पुढची बँक ते चांगले मानत नाही.

५) चूक असेल तर तक्रार करा. ३० दिवसांत निकाल लागला नाही तर पुढच्या प्रत्येक दिवसाला १०० रुपये भरपाईचा नियम आहे. तरीही दाद मिळाली नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येते.

स्वतःचा अहवाल स्वतः पाहिल्याने स्कोअर कमी होत नाही, ही भीती मनातून काढून टाका. मात्र एकाच वेळी चार बँकांत अर्ज टाकले तर फरक पडतो. आणि "पैसे द्या, सिबिल वाढवून देतो" म्हणणाऱ्याला ओटीपी तर सोडाच, दारातही उभे करू नका.

सातवीच्या गणितात 'बँक व सरळव्याज' हे प्रकरण आहे. ते शिकवून झाले की त्या महिन्याच्या पालक सभेत मी दहा मिनिटे या विषयावर बोलते. मागच्या वेळी अकरा पालकांनी तिथेच मोबाइल काढले. तुमच्या शाळेतही करून पाहा आणि सुरुवात स्वतःच्या अहवालापासून करा.