टिपणाचा समास

चि. भाचीस,

पत्र पावले, मजकूर समजला. संगणक, वाणिज्य, साहित्य आणि इतिहास या चारही विषयांच्या विद्यार्थ्यांना उपयोगी पडतील अशी टिपणे वाचनालयाच्या एका कपाटात एकत्र ठेवण्याचा बेत चांगला आहे. आणि या सर्वांना एकच साचा चालेल काय, हा पत्रात विचारलेला प्रश्न त्याहूनही चांगला आहे, कारण त्याचे उत्तर ठरल्याखेरीज कपाट कितीही भरले तरी त्याचा उपयोग परीक्षेच्या आदल्या रात्रीपुरताच उरेल.

प्रथम शब्द वेगळे करून घेणे इष्ट. बोलताना विसर पडू नये म्हणून क्रमाने मांडलेले मुद्दे म्हणजे टाचण. मोठ्या मजकुराचे त्याच क्रमाने केलेले लहान रूप म्हणजे सारांश. आणि वाचणाऱ्याला पडलेला प्रश्न, त्याला मिळालेले उत्तर आणि ते कोठून मिळाले याची खूण, अशा तिन्ही गोष्टी पुन्हा उपयोगात आणता येतील अशा रीतीने लिहून ठेवणे म्हणजे टिपण. हातोहात फिरणाऱ्या झेरॉक्स प्रतींत बहुधा उत्तर तेवढे राहिलेले असते, प्रश्न आणि खूण गळून गेलेली असते, आणि म्हणूनच त्या पाठ होतात पण समजत नाहीत.

प्रश्नाची जागा वहीत आधीपासूनच आखलेली आहे. डाव्या बाजूच्या उभ्या रेघेअलीकडची कोरी पट्टी, जिला मराठीत समास म्हणतात, ती विद्यार्थी बहुधा प्रश्नाच्या क्रमांकापुरतीच वापरतात. समर्थ रामदासांनी दासबोधाच्या 19 व्या दशकातील पहिल्या समासात, म्हणजे प्रकरणात, लेखनक्रियेचे निरूपण करताना, कागदाच्या कडा झडल्या तरी अक्षर झडू नये म्हणून भोवती जागा सोडून मध्ये लिहावे, असे सांगितले आहे. तेथे या कोऱ्या जागेचे काम अक्षराचे रक्षण हे होते. विसाव्या शतकाच्या मध्यास अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठात वॉल्टर पॉक यांनी त्याच जागेला दुसरे काम दिले: उजवीकडील रुंद भागात व्याख्यानातील मजकूर, डावीकडील अरुंद पट्टीत त्या मजकुराने उत्तर दिलेला प्रश्न, आणि पानाच्या तळाशी दोन ओळींत निष्कर्ष. उजवा भाग झाकून डावीकडील प्रश्नाचे उत्तर आठवून लिहिता आले, तर ते पान विद्यार्थ्याचे झाले. साचा इतकाच चारही विषयांना समान आहे. समासात कोणता प्रश्न लिहावयाचा, हे मात्र प्रत्येक विषय स्वतः ठरवतो.

संगणकाच्या विद्यार्थ्याचा प्रश्न असा असतो, की या क्षणी कोणत्या चलाची किंमत किती आहे. बायनरी सर्च, म्हणजे क्रमाने लावलेल्या यादीतील मधला घटक पाहून अर्धी यादी सोडून देत जाण्याची शोधपद्धती, हे याचे सोपे उदाहरण आहे. या पद्धतीने 1000 घटकांच्या यादीत शोध घेण्यास जास्तीत जास्त 10 तुलना पुरतात, कारण दहा वेळा दुप्पट केल्यास 1 चे 1024 होतात. टिपणात केवळ कोड उतरून घेतला तर त्यातील मर्म दिसत नाही. त्याऐवजी 4, 9, 15, 22, 31, 40, 58 अशा सात संख्या घेऊन 58 शोधताना खालची सीमा, वरची सीमा आणि मध्य यांचा तक्ता हाताने भरावा, म्हणजे ज्याला ड्राय रन म्हणतात तो करावा. तुलनेनंतर खालची सीमा मध्याच्या एक स्थान पुढे न नेता मध्यावरच ठेवली, तर ती 1 वरून 4, मग 5, मग 6 वर येते आणि तेथेच अडकते. सहावे आणि सातवे स्थान एवढेच उरल्यावर मध्य पुन्हा 6 च येत राहतो आणि प्रोग्राम कधीच थांबत नाही. त्या एका ‘अधिक एक’चे महत्त्व तक्त्याच्या चौथ्या ओळीत जितके स्पष्ट कळते, तितके कोड दहा वेळा वाचून कळत नाही.

वाणिज्याच्या वहीत समासाचा प्रश्न ‘का’ हा आहे. लुका पॅचिओली या इटालियन गणितज्ञाने 1494 मध्ये छापलेल्या ग्रंथात द्विनोंदी पद्धतीचे, म्हणजे प्रत्येक व्यवहाराची एका खात्यावर नावे आणि दुसऱ्यावर जमा अशी दुहेरी नोंद करण्याच्या रीतीचे, वर्णन केले. रोजकीर्दीतील प्रत्येक नोंदीखाली कंसात जे स्पष्टीकरण लिहावे लागते, ते पाहिले तर या शास्त्राने टिपणाचे मर्म फार पूर्वी ओळखले होते असे दिसते. टेबल-खुर्च्या रोखीने घेतल्या, एवढ्यावरून कोणते खाते नावे टाकावे हे ठरत नाही. किराणा दुकानदाराने त्या बसण्यासाठी घेतल्या असतील तर फर्निचर खाते, आणि फर्निचरच्या व्यापाऱ्याने विकण्यासाठी घेतल्या असतील तर खरेदी खाते. येथे खाते चुकले तरी दोन्ही बाजूंच्या रकमा सारख्याच राहत असल्यामुळे तेरीज, म्हणजे सर्व खात्यांच्या शिलकांची यादी, जुळते, आणि नफा मात्र चुकीचा निघतो. हिलाच तत्त्वाची चूक म्हणतात. जुळलेली तेरीज म्हणजे बिनचूक हिशेब नव्हे, हे ज्या टिपणात कारणासह लिहिलेले असेल ते कपाटात अवश्य ठेवावे.

साहित्याच्या टिपणांची अवस्था सर्वांत दुबळी आढळते, कारण मध्यवर्ती कल्पना, भाषाशैली, संदेश अशा ठरावीक मथळ्यांखाली कोणत्याही कवितेला लागू पडतील अशी विशेषणे त्यांत भरलेली असतात. येथे समासातील प्रश्न ‘कोणत्या शब्दावरून?’ असा हवा. बालकवींची ‘औदुंबर’ ही कविता अवघ्या आठ ओळींची असून तिच्यावर समीक्षकांनी तिच्या कितीतरी पट लिहिले आहे. एखाद्या टिपणात ती निसर्गकविता आहे आणि दुसऱ्यात उदास मनाचे चित्र आहे असे लिहिलेले असेल, तर दोहोंपैकी कोणते पाठ करावे या चिंतेत विद्यार्थी पडतो. त्याऐवजी हिरव्या रंगाच्या आवृत्त्या, त्यातून डोहाकडे गेलेली पांढरी पायवाट, शेवटी पाण्यावर पसरणारा काळेपणा आणि त्या काळेपणालाच गोडवा देणारे विशेषण, एवढे चार शब्दगट ओळीच्या क्रमांकासह टिपले, तर दोन्ही मतांचा आधार दिसतो आणि तिसरे मत बनवण्याची मोकळीकही राहते.

इतिहासाच्या समासात ‘कोणी सांगितले, आणि घटनेनंतर किती काळाने?’ हा प्रश्न लिहावा. ‘पुरंदरचा तह’ एवढेच लिहिलेले टिपण निरुपयोगी आहे, कारण या नावाचे दोन प्रसिद्ध तह आहेत: 1665 चा शिवाजी महाराज आणि मिर्झाराजे जयसिंग यांच्यातील, ज्यात 23 किल्ले मोगलांना द्यावे लागले, आणि 1776 चा पेशवे दरबार आणि ईस्ट इंडिया कंपनी यांच्यातील, ज्याने राघोबादादांनी आदल्या वर्षी केलेला सुरतेचा तह बाजूला सारला. वर्ष लिहिल्याने घोटाळा मिटतो. साधन लिहिल्याने अभ्यास सुरू होतो. महाराजांचे निधन 1680 मधील आणि त्यांचे चरित्र सांगणाऱ्या सभासदाच्या बखरीची रचना त्या शतकाच्या अखेरच्या दशकातील, हे अंतर समासात नोंदलेले असले, म्हणजे बखरीतील वाक्य आणि तहाच्या वेळचा कागद यांना वेगवेगळे वजन देण्याची सवय लागते. इतिहासाचार्य राजवाडे यांनी 1898 पासून ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ छापली ती याच श्रद्धेने, की मत बदलेल पण कागद टिकला पाहिजे.

या साऱ्या शिस्तीचा मराठीतील पहिला आदर्श मात्र आजच्या विद्यापीठांच्या फार आधीचा आहे. तेराव्या शतकात म्हाइंभटांनी चक्रधरस्वामींच्या आठवणी, त्या ज्यांनी पाहिल्या-ऐकल्या होत्या त्यांच्याकडे जाऊन गोळा केल्या आणि नागदेवाचार्यांकडून पारखून घेतल्या. त्यातून लीळाचरित्र उभे राहिले. पुढे मूळ पोथी धामधुमीत हरवली असे परंपरा सांगते, आणि ती आठवणीतून पुन्हा लिहिताना जेथे आठवणी जुळल्या नाहीत तेथे एकच पाठ खरा न धरता निरनिराळे पाठ ज्याच्या-त्याच्या नावाने राखले गेले. आज तो ग्रंथ विश्वासाने वाचता येतो, याचे श्रेय त्या प्रामाणिक नोंदींनाही आहे.

तेव्हा कपाटात येणाऱ्या प्रत्येक टिपणावर लिहिणाऱ्याचा वर्ग, दिनांक आणि आधारग्रंथाचे पान असावे, समासात प्रश्न असावा, आणि एक तरी प्रश्न उत्तरावाचून मोकळा सोडलेला असावा. दुसऱ्याचे टिपण जसेच्या तसे पुन्हा उतरवणारा विद्यार्थी फार तर हस्ताक्षर सुधारून घेईल. त्या मोकळ्या प्रश्नापाशी थांबून मूळ पुस्तक मागण्यासाठी जो काउंटरपाशी येईल, त्याच्यासाठी हे कपाट करावे.



मामा