चार सेंटिमीटर निरोगी हाड

छातीच्या हाडांत मुळातच उठणाऱ्या कर्करोगांपैकी कॉन्ड्रोसार्कोमा हा कूर्चेचा कर्करोग प्रौढांत सर्वाधिक आढळतो. बरगडी उरोस्थीला मिळते तिथे तो बहुधा उठतो. वाढ संथ असते, दुखणे थोडे. भोसरी-चाकणच्या कारखान्यातला कामगार त्याला मुका मार समजून बाम चोळत राहतो आणि महिने निघून जातात. मुका मार उतरतो. ही गाठ घट्ट, हाडाला धरून असते आणि वाढतच जाते.

केमोथेरपी आणि किरणोपचार यांना ती फारशी दाद देत नाही. सारी भिस्त शस्त्रक्रियेवर, त्यातही पहिल्या शस्त्रक्रियेवर. तपासणीसाठी तुकडा घेतला तो व्रणही पुढे गाठीसोबत काढायचा असतो, म्हणून त्याची जागा विचारपूर्वक निवडावी लागते. चरबीची गाठ समजून आधीच कोणी चिरा दिला असेल, तर पेशी आजूबाजूला सांडलेल्या असतात आणि पुढचे काम फार अवघड होते.

गाठीभोवतीचे सुमारे ४ सेंटिमीटर निरोगी हाड, वरची-खालची एकेक बरगडी आणि आतले अस्तर, असा अखंड तुकडा निघतो. फुप्फुस चिकटले असेल तर तेवढा भागही जातो. इथे खरी कसोटी मनाची असते. भगदाड बुजवायचे कसे, ही चिंता शिरली की हात आखडतो आणि कडेला रोग राहतो. कापणारा आणि बुजवणारा शल्यविशारद वेगळा असावा तो यासाठीच.

भगदाड पाठीमागे, खांद्याच्या फऱ्याखाली असेल तर बऱ्याचदा फराच ते झाकतो. पुढे किंवा बाजूला मात्र ५ सेंटिमीटरपेक्षा मोठी जागा उघडी राहिली, तर श्वास घेताना छाती तिथे फुगण्याऐवजी आत ओढली जाते. मग जाळीच्या दोन थरांमध्ये मिथिल मेथाक्रिलेटचे सिमेंट भरून छातीच्या गोलाईचे कवच घडवतात. गाडीच्या मागच्या दिव्याची लाल काच याच कुळातल्या अ‍ॅक्रिलिकची असते. चाकणच्या कामगाराला हा पदार्थ परका नाही. घट्ट होताना सिमेंट चटका बसण्याइतके तापते, म्हणून कवच शरीराबाहेर, टेबलावरच आकाराला आणतात. काही ठिकाणी टायटॅनियमच्या पट्ट्या वापरतात. त्यावर पाठीचा रुंद स्नायू, रक्तवाहिनी शाबूत ठेवून, फिरवून पांघरतात.

पुढचे दिवस वेदनाशमनाचे आणि श्वासाच्या व्यायामाचे. दुखते म्हणून रुग्ण उथळ श्वास घेतो, खोकला दाबतो आणि कफ साचून न्यूमोनिया होतो. छातीतली नळी पाण्याच्या बाटलीला जोडलेली असते. बुडबुडे थांबले, स्राव उतरला आणि एक्स-रेत फुप्फुस पूर्ण फुललेले दिसले, की ती काढतात.