पहिली स्पोर्ट बाईक किती सीसीची?

आमच्या महाड-पोलादपूर पट्ट्यात मुलगा कमावता झाला की सहा महिन्यांत घरात गाडीचा विषय निघतोच. पूर्वी गाडी म्हणजे शंभर सीसीची, ॲव्हरेज देणारी, मागे अम्मीला बसवून बाजारात नेता येईल अशी. आताच्या पोरांना स्पोर्ट बाईक हवी असते. आमच्या आपाच्या मुलाचेही तेच झाले. वय १९, आयटीआय पूर्ण, नोकरी महाडच्या एमआयडीसीत, राहायला पोलादपूर, वडील कुवेतला. त्याचे मन ३९० सीसीच्या केटीएमवर बसले होते. दुल्हेभाईंनी तिकडून मला फोन केला, "पैसे मी पाठवतो, पण कोणती घ्यायची ते तू ठरव. आणि हप्त्यावर नको, व्याजाची गाडी दारात नको." मी वीस वर्षे दुचाकीवरून कशेडी घाट ओलांडून शाळेत शिकवायला जात होतो, म्हणून हे काम माझ्याकडे आले.

भाच्याचे म्हणणे साधे होते. "मामू, दीडशे सीसीची गाडी दोन महिन्यांत कंटाळवाणी होते. मग पुन्हा बदला. त्यापेक्षा एकदाच मोठी घ्यावी." शोरूममधल्या विक्रेत्यानेही त्याला हेच सांगितले होते. हा विचार आज घरोघरी ऐकू येतो, म्हणून त्याचे उत्तर नीट द्यायला हवे.

सीसी म्हणजे इंजिनातल्या सिलिंडरचे आकारमान. पण हाताला जाणवते ती त्यातून निघणारी ताकद. आपल्या नेहमीच्या स्प्लेंडरचे इंजिन ९७ सीसीचे आहे आणि ताकद साधारण ८ अश्वशक्ती. यामाहाची आर१५ ही १५५ सीसीची, १८ अश्वशक्तीच्या आसपास. केटीएम आरसी ३९० ही ३७३ सीसीची, ४३ अश्वशक्तीहून थोडी जास्त. वजन मात्र त्या प्रमाणात वाढत नाही. स्प्लेंडर ११२ किलोच्या आसपास, तर ३९० सुमारे १७२ किलो. म्हणजे दीडपट वजनाला पाचपट ताकद. नवशिक्याच्या हातून चुका होणारच. खड्ड्यात गाडी आदळली की मनगट आपोआप पिळले जाते. शंभर सीसीवर त्याने इंजिन फक्त ओरडते. ३९० वर, ओल्या वळणावर, तेवढ्याने मागचे चाक सरकू शकते. शिवाय वेग दुप्पट झाला की ब्रेक लावल्यावर थांबायला चौपट अंतर लागते, आणि मोठ्या इंजिनावर वेग दुप्पट कधी झाला ते कळतही नाही.

आपल्याकडचे लायसन्स इथे मदतीला येत नाही. वय १८ पूर्ण झाले आणि गिअरच्या मोटरसायकलचे लायसन्स मिळाले की त्याच कार्डावर शंभर सीसीही चालते आणि हजारही. परीक्षा शंभर सीसीवर आठचा आकडा काढून दिलेली असली तरी चालते. आपल्या कोकणातली कितीतरी कुटुंबे ब्रिटनमध्ये आहेत, त्यांना तिथली पद्धत ठाऊक असेल. तिथे १७ व्या वर्षी १२५ सीसी आणि ११ किलोवॅटपर्यंतची गाडी, १९ व्या वर्षी ३५ किलोवॅटपर्यंतची, आणि बिनमर्यादेची गाडी २४ व्या वर्षी, किंवा मधल्या पायरीवर दोन वर्षे काढली असतील तर २१ व्या वर्षी.

हे सांगितल्याबरोबर भाच्याने मला पकडले. "मामू, ३९० म्हणजे ३२ किलोवॅट. मी १९ चा आहे. लंडनला असतो तर मला मिळाली असती!" हिशेब बरोबर होता. पण तिथे त्या पायरीसाठी वेगळी परीक्षा असते. बंद मैदानावर ताशी ५० किलोमीटरच्या वेगातून एकदम थांबून दाखवावे लागते, त्याच वेगात अडथळा चुकवून दाखवावा लागतो. इथे ते कोणी शिकवत नाही, कोणी तपासतही नाही. जी पायरी कायद्याने बांधली नाही ती घरानेच बांधायची असते, आणि माझ्या मते इंजिन किती मोठे घ्यावे या प्रश्नाचा गाभा हाच आहे.

मग आपला रस्ता पाहावा. पोलादपूर ते एमआयडीसी हा हायवेचा रस्ता, ट्रकांच्या सोबतीने. रात्रपाळी सुटली की डोळ्यांत झोप. जून ते सप्टेंबर पाऊस कोसळत असतो, रस्त्यावर तांबडी माती वाहून येते. रविवारी मित्रांबरोबर आंबेनळी घाटातून महाबळेश्वर: एका बाजूला दरड, दुसऱ्या बाजूला दरी, मध्ये धुके. २८ जुलै २०१८ ला याच घाटात दापोलीच्या कृषी विद्यापीठातील कर्मचाऱ्यांची बस दरीत कोसळली आणि एकच जण वाचला, हे पोलादपुरात कोणी विसरलेले नाही. अशा वळणांवर ४३ अश्वशक्ती वापरायला जागाच नाही. १५५ सीसीच्या गाडीला मात्र चढावर योग्य गिअर शोधावा लागतो, आणि त्यातूनच हात तयार होतो.

म्हणून अगदी लहानच घ्यावी असेही नाही. २०१९ पासून १२५ सीसीच्या वरच्या गाड्यांना एबीएस सक्तीचे आहे. ओल्या रस्त्यावर घाबरून ब्रेक दाबला तरी चाक अडकून घसरत नाही, ते त्यामुळे. माझ्या दृष्टीने खालची मर्यादा ही. शक्यतो दोन्ही चाकांना एबीएस असलेलीच घ्यावी.

वरची मर्यादा खिशाने ठरवली. २२ सप्टेंबर २०२५ पासून ३५० सीसीपर्यंतच्या मोटरसायकलवर १८ टक्के जीएसटी आहे, त्यावरच्यांवर ४० टक्के. थर्ड पार्टी विम्याचे २०२२ मध्ये ठरलेले दर पाहा: नव्या गाडीच्या पाच वर्षांसाठी १५० ते ३५० सीसीला ७,३६५ रुपये, ३५० च्या वर १५,११७. टायर, ब्रेक पॅड, सर्व्हिसिंग, सगळेच महाग. रोखीने घ्यायची तर हा फरक लहान नाही. त्यातून चांगले हेल्मेट, हातमोजे, जाकीट आणि घोट्यापर्यंतचे बूट येतात.

ज्याचा हात पाच-सात वर्षे शंभर सीसीवर रुळला आहे, रोज हायवेला आहे, त्याने २०० किंवा २५० पासून सुरुवात केली तर हरकत नाही. भाच्याने आजवर फक्त वडिलांची स्कूटर गावात फिरवली होती. त्याच्यासाठी १५५ सीसी ठरली.

अटी त्याने आणि मी मिळून लिहिल्या. पावसाळ्यात मित्रांबरोबर घाट नाही. रात्रपाळीनंतर झोप येत असेल तर फज्रनंतर कंपनीच्या बसने यायचे. पहिल्या महिन्यात दर जुम्म्याला दुपारनंतर मोकळ्या मैदानावर माझ्यासमोर जोरात ब्रेक मारण्याचा सराव. दोन पावसाळे असे गेले की २५० चा विषय तो स्वतः काढू शकतो, आणि तेव्हा मी इन्शाअल्लाह नाही म्हणणार नाही. दुल्हेभाईंनी फोनवर अटी दोनदा वाचून घेतल्या आणि पैसे पाठवले.

एक गैरसोय राहिलीच. स्पोर्ट बाईकची मागची सीट उंच आणि वीतभर असते. आपाने ती एकदा पाहिली आणि म्हणाली, "यावर मी बसायची नाही." दवाखान्याला ती महाडला अजून एसटीनेच जाते.